ॲडमिनकाका आणि त्यांचा आकडा

ॲडमिनकाकांचं वय 43. आयटीत एवढ्या वयाला काकाच म्हणतात, त्यातून सर्व्हर रूमच्या गारठ्यामुळे बारा महिने स्वेटर घालणाऱ्याला तर नक्कीच. हिंजवडीपासून खराडीपर्यंत प्रत्येक कंपनीत असा एक तरी गृहस्थ असतो. पदाचं नाव सीनियर सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, आणि कामाचं स्वरूप असं की ते चोख झालं तर काहीच घडत नाही. आता काहीच न घडल्याचे पैसे वाढवून मागायचे कसे, इथे काकांचं गाडं अडतं.

एरवी काका भिडस्त नाहीत, हे त्यांच्या व्हेंडरांना विचारा. स्टोरेजचं 40 लाखांचं कोटेशन घेऊन माणूस येतो, "साहेब, यात मार्जिनच नाही" म्हणतो. काका चष्मा काढतात आणि स्वेटरला पुसू लागतात. बोलत काहीच नाहीत. दुसरी काच पुसून होईपर्यंत कोटेशन 34 वर आलेलं असतं. उरलेलं मार्चअखेरीला, व्हेंडरचं टार्गेट डोक्यावर बसलं की उतरतं. हे सगळं कंपनीच्या पैशांसाठी. स्वतःची वेळ आली की हाच माणूस "तुम्ही योग्य समजाल ते" म्हणतो.

19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवतो? एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन्स निळी पडली होती, विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून देत होते. एकेक मशीन सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल खोडायची, आणि डिस्क बिटलॉकरनं बंद असेल तर आधी 48 आकडी की टाकायची. काका शनिवार-रविवार घरून काम करणाऱ्या पोरांना फोनवर अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आकडे वाचून दाखवत होते. एकदाही अडखळले नाहीत. स्वतःच्या पगाराचा आकडा दोनच अंकी, तो मात्र घशात अडकतो. त्या वर्षीच्या अप्रायझलमध्ये 'टीम'चं कौतुक झालं. टीमला पिझ्झाही मिळाला.

शेवटी वहिनींनी मनावर घेतलं. वहिनी सहकारी बँकेत कर्जवसुलीला आहेत. नव्या कंपनीच्या मुलाखतीला निघताना त्यांनी बजावलं, "28 म्हणायचं आणि गप्प बसायचं. आधी जो बोलेल तो हरला."

एचआरमधली मुलगी गोड होती. "सर, एक्स्पेक्टेशन काय आहे?" तिनं विचारलं. काका चक्क "अठ्ठावीस" म्हणाले. ती लॅपटॉपमध्ये बघत राहिली. आता, समोरून उत्तर आलं नाही की लिंक तुटली असं धरून पुन्हा काहीतरी पाठवायचं, ही काकांची वीस वर्षांची सवय. चौथ्या सेकंदाला ते म्हणाले, "म्हणजे, सत्तावीससुद्धा चालेल." ती अजून टाइपच करत होती. "तसं साडेपंचवीसलाही हरकत नाही."

मुलीनं मान वर करून सांगितलं, "सर, सध्याच्या 20 वर 30 टक्के वाढ आमच्या पॉलिसीत बसते." म्हणजे 26. पण तोवर साडेपंचवीस बोलून झालं होतं, आणि दिलेला शब्द मागे घेणं काकांच्या कॉन्फिगरेशनमध्येच नाही.

मागच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा तिनं आधीच मागून घेतल्या होत्या. कॅलिफोर्नियात 2018 पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे तो विचारत नाहीत, पुराव्यानिशी जमा करून घेतात.

ऑफर लेटर मात्र काकांनी सर्व्हरचा लॉग वाचावा तसं वाचलं. सीटीसीमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला, विम्याचा हप्ता धरलेला, दहा टक्के व्हेरिएबल. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के. हे 4.81 म्हणजे 15 भागिले 26, पुन्हा भागिले 12, हे काकांनी मला तोंडी सांगितलं. पाच वर्षं टिकलो तरच साधारणपणे हाती पडणारी रक्कम आजच्या पगारात दाखवायची, यात एचआरवाल्यांना काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. काकांना वेगळंच खुपलं: एक्सेलच्या बेरजेत 3,200 रुपये जास्त लागले होते. काकांच्या फायद्याचे. त्यांनी फॉर्म्युला दुरुस्त करून फाइल परत पाठवली. मिनिटाभरात आभाराचा मेल आला, सुधारित ऑफरसह.

मग 90 दिवसांचा नोटीस पिरियड. शहाणी माणसं या काळात पहिली ऑफर दाखवून दुसरी मिळवतात. काकांनी जुन्या कंपनीसाठी सगळ्या सर्व्हरांचं डॉक्युमेंटेशन लिहिलं. वहिनींनी त्या तीन महिन्यांत पगाराचा विषय काढला नाही. वसुलीच्या माणसाला बुडीत खातं ओळखता येतं.

नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात फायरवॉलच्या नूतनीकरणाचं कोटेशन आलं. काकांनी चष्मा काढला आणि कंपनीचे 11 लाख वाचवले. काकांनी मुलाखतीच्या खुर्चीत बसून सोडलेले अडीच लाख त्यात चारदा बसून वर उरतात. हा हिशोब मी त्यांना मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिला आहे. अप्रायझल मार्चमध्ये आहे. त्यांच्या एचआरमधलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच करा, आकडा आधी तुम्ही सांगा.