बुढा जिमात जाऊन राह्यला बाप्पा!

यवतमाळात बोलायचं तरी कशावर? कापसाचा भाव झाला, पावसाचा नखरा झाला, शकुंतला रेल्वे पुन्हा कधी धावणार हेही बोलून बोलून चोथा झालं. तेवढ्यात देवानं नवा मसाला धाडला. दत्त चौकापासून आर्णी रोडपर्यंत आणि लग्नाच्या पंगतीतून थेट पुसद-उमरखेडच्या पाहुण्यांपर्यंत एकच कुजबुज: सत्तरीला टेकलेले, नातवंडांचे आबाजी झालेले लोक पहाटे जिममध्ये दिसतात. तेही बर्मुडा घालून! ज्यांच्या पोटऱ्या लग्नानंतर सूर्यानंही पाहिल्या नसतील, ते आरशासमोर उभे राहून स्क्वॉट मारतात म्हणे. राम राम राम.

एका सूनबाईंचं दुःख तर ऐकवत नव्हतं. "काय सांगू काकू, मामाजी त्या पोट्ट्याइसंगं वजन उचलून राह्यले. घरी मिक्सरवर प्रोटीनचा डबा ठेवला, त्याच्यावर उघड्या अंगाचा माणूस! देव्हारा समोरच आहे हो आमचा. लोक काय म्हणतीन?"

लोक काय म्हणणार, ते म्हणून मोकळे झाले होते. कोणी म्हणे बुढ्याला दुसरं लग्न करायचं आहे, कोणी म्हणे नगरसेवकाच्या तिकिटासाठी फोटो काढायचा आहे. खरं कारण ज्याला त्याला ठाऊक होतं, पण ते बोलताना आवाज आपोआप खाली येतो: "लघवीचा त्रास आहे." आमच्याकडे प्रोस्टेटच्या कॅन्सरला एवढंच नाव. छातीत दुखलं तर माणूस गावभर सांगतो, बायपासचा टाका दाखवतो. पण कमरेखालचा आजार झाला की घरात चिडीचूप. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांनी, ज्यो बायडेन यांनी, मे 2025 मध्ये जगाला सांगितलं की मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांपर्यंत गेला आहे. आमच्या आबाजींना शेजारच्या बाकावरल्या मित्राला सांगायची चोरी.

तर मंडळी, या चावट बातमीच्या पोटात एक शहाणी गोष्ट दडली आहे, ती आधी ऐकून घ्या. 1941 साली शिकागोत चार्ल्स हगिन्स या सर्जननं दाखवून दिलं की हा कॅन्सर पुरुषाच्याच टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. ते तोडलं की बहुतेकांची गाठ आवळते. त्याबद्दल 1966 साली त्यांना नोबेल मिळालं. आजही आजार पसरला असला, किंवा रेडिएशनच्या शेकासोबत जोड द्यायची असली, की याच वाटेनं जातात. एकतर छोटं ऑपरेशन करून वृषणं काढायची, नाहीतर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडसारखी सुई घ्यायची. कोणी नागपूरला तुकडोजींच्या नावाच्या दवाखान्यात जातो, कोणी जामठ्याला, कोणी सेवाग्राम-सावंगीला. सुई काम चोख करते. पण टेस्टोस्टेरॉन गेलं की त्याच्या जिवावर चाललेला सगळा प्रपंच बसतो. भर थंडीत अंगातून गरम वाफा निघतात, दंड आणि मांड्या उतरतात, पोट मात्र सुटतं, हाडं विरळ होतात, आणि थकवा असा की दुपारचं जेवणसुद्धा काम वाटावं. युरियाची गोणी 2018 साली सरकारनं 50 वरून 45 किलोची केली. त्याआधीची गोणी खांद्यावर टाकून बांधापर्यंत चालत गेलेला गडी खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतो.

यावर घरचे काय औषध काढतात? "आबाजी, तुम्ही बसा." पाण्याची कळशी हातातून काढून घेतात, पिशवी नातू उचलतो, चप्पलसुद्धा सून पायाशी आणून ठेवते. प्रेमच आहे ते, नाही कशाला म्हणू? पण सुईनं जे स्नायू शिल्लक ठेवले, ते या प्रेमानं जातात. माझ्या मते खरा बोभाटा व्हायला हवा तो याचा.

कारण वजन उचलण्याची ही टूम कोण्या रिकामटेकड्या पोट्ट्यानं काढलेली नाही. कॅनडात 155 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2003 साली छापून आली. हे सगळे हार्मोन बंद करणारे उपचार घेणारे. अर्ध्यांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली वजनं उचलली; त्यांचा थकवा बाकीच्यांपेक्षा कमी झाला, ताकद वाढली. 2010 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी 57 जणांवर वजनं आणि चालणं-सायकल यांची जोडी लावून पाहिली, तर सुई चालू असतानाही अंगावर मांस धरलं. मांस वाढवणारं हार्मोन नाही आणि तरी मांस वाढलं! आता बोला.

आणि आपण तरी कोणत्या तोंडानं नाक मुरडतो? शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. तिथले पठ्ठे 1936 साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. आमच्या आजोबांना तालमीची लाज नव्हती, आम्हाला आबाजींच्या बर्मुड्याची आहे.

पण थांबा, सगळी लाज काही सोडून द्यायची नाही. थोडी राखून ठेवा, डब्यासाठी.

जिमच्या मागोमाग डबा येतोच. व्हे प्रोटीन, क्रिएटिन, मल्टिव्हिटॅमिन, आणि दुकानदार ज्याच्याबद्दल आवाज खाली आणून डोळा मारतो तो 'पॉवर'चा डबा. त्यावर बारीक अक्षरात अश्वगंधा, शिलाजीत, सफेद मुसळी, गोखरू. ठळक अक्षरात टेस्टोस्टेरॉन बूस्टर. आता हिशोब मांडा. गडी बसचं तिकीट काढून नागपूरला जातो आणि टेस्टोस्टेरॉन खाली आणायची सुई घेतो. परत येतो, दत्त चौकात उतरतो, आणि तेच टेस्टोस्टेरॉन वर चढवायचा डबा घेतो. दोन्हीकडे पैसे याचेच. बूस्टरनं ते खरंच चढतं की नुसता खिसा उतरतो हा वाद बाजूला ठेवू, पण ज्याच्यावर कॅन्सर पोसतो तेच मागायला दुकानात जाणं? अव माय!

बाकी डबेही काही सोवळे नाहीत. 2024 साली केरळच्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन भारतात विकली जाणारी 36 प्रोटीन पावडरी तपासल्या. त्यातल्या जवळपास 70 टक्के डब्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन. 14 टक्क्यांत बुरशीचं विष, 8 टक्क्यांत कीटकनाशकांचा अंश. 2017 च्या फवारणीनं माणसं गमावलेल्या आमच्या यवतमाळ जिल्ह्याला कीटकनाशक काय चीज आहे हे मी सांगावं काय? 2024 मध्येच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही शरीर कमावण्यासाठी प्रोटीनचे डबे टाळा असं सांगितलं. ज्याचं जेवणच जात नाही अशा रुग्णाला डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ पावडर देतात, ती गोष्ट निराळी.

मला सर्वांत जास्त हसू येतं ते सोयाबीनवाल्यांचं. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि तोही पदरात पडायची मारामार. त्या क्विंटलमध्ये पस्तीस किलोहून जास्त प्रोटीन असतं. ते विकून, आलेल्या पैशात नावाजलेल्या कंपनीचा दोन किलोचा डबा घ्यायचा, त्यात प्रोटीन दीड किलोच्या आसपास. घरी तुरीचं पोतं उभं, फोडणीचं वरण रोजचं, कोंबड्या अंगणात, आणि आबाजी शेकर हलवून राह्यले! सोयाबीन नीट शिजवून खावं लागतं, कच्चं चालत नाही, एवढी मेहनत मात्र आहे.

गोळ्यांचंही तसंच. 'व्हिटॅमिन आहे, नुकसान काय करणार' हे वाक्य ज्यानं काढलं त्याला अमेरिकेची एक चाचणी दाखवायला हवी. 2001 साली सुरू झाली, 35 हजारांहून जास्त निरोगी पुरुष घेतले, आशा अशी की सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वानं प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल. 2008 मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या, फायदा दिसेना. 2011 मध्ये आकडे आले: नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त. टाळायला गेले आणि गळ्यात घेऊन आले.

क्रिएटिननं रक्तातलं क्रिएटिनिन वर दिसू शकतं. मग किडनी बिघडली की काय म्हणून घरात रडारड, आणि हाडं जपणाऱ्या काही सुयांचा डोसही त्याच आकड्यावर ठरतो. केसांच्या गोळीतलं बायोटिन काही लॅबच्या यंत्रांना चकवतं, प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतलं पीएसए आहे त्याहून कमी दाखवू शकतं. म्हणजे डोक्यावर चार केस येतील न येतील, रिपोर्ट मात्र खोटाच हसरा. उलट कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व या सुईवाल्यांना डॉक्टर बहुतेक वेळा स्वतःहून लिहून देतात, ते मात्र ड्रॉवरमध्ये पडून राहतं. त्याच्या डब्यावर उघड्या अंगाचा माणूस नसतो ना!

जिममधल्या पोट्ट्यालाही एक सांगणं आहे. आजार कण्यात किंवा खुब्यात उतरला असेल तर तिथं भार देऊन, कंबर पिळून चालत नाही; हाड मोडू शकतं. अशांसाठीही व्यायाम असतो, पण कोणत्या हाडाला सोडायचं हे स्कॅन पाहून ठरतं, आरशात पाहून नाही. "काका, अजून दोन प्लेट लावू का?" हा प्रश्न बाविशीतल्या मित्रांना विचारावा.

आणि नाकं मुरडणाऱ्या सूनबाई, पुढच्या तारखेला मामाजींसोबत तुम्हीच जा. मिक्सरवरचा तो डबा, केसांची गोळी, वैद्याची पुडी, सगळं एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. काय ठेवायचं, काय टाकायचं ते विचारा, कोणत्या हाडाला जपायचं तेही विचारा. घरी आल्यावर पाण्याची कळशी त्यांच्या हातात परत द्या. बर्मुड्याचं एवढंच डाचत असेल, तर बैठका पायजम्यातही होतात.