वालेन्सियाचे उन्हाळकर

भर मे महिन्यात झाडाची सावली शोधत गाडी लावणाऱ्या आपल्या माणसाला पटायचं नाही, पण निव्वळ ऊन मिळावं म्हणून देश सोडणारी माणसं जगात आहेत. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, वालेन्सियात, ती घाऊक भेटतात. कुणी हॉलंडचा, कुणी अमेरिकेचा, पण अस्सल नमुना इंग्रज. त्याला आपण उन्हाळकर म्हणू. वय साठीच्या अलीकडचं, नाक बारमाही सोललेलं, पायात सपाता आणि तोंडी एकच शब्द : स्वस्त.

उन्हाळकरांना काहीही दाखवा, ते आधी इथली किंमत सांगतात आणि लगेच लंडनची. कॉफी, संत्री, दाढ काढणे, घरभाडं. सगळ्याचा हिशेब तयार. १९२८ साली उघडलेल्या सेंट्रल मार्केटात शिरल्यावर माणसं मान वर करून घुमट बघत राहतात. हे टोमॅटोवरची पाटी वाचतात. बागेच्या बाबतीतही तेच. शहराच्या मधून तुरिया नदी वाहायची. १९५७च्या महापुरानंतर ती उचलून गावाबाहेर वळवली. कोरड्या पात्रातून मोटाररस्ता काढायचा सरकारचा बेत होता. गावकऱ्यांनी भांडून तिथे बाग करून घेतली. ते भांडण उन्हाळकरांच्या कानावर आलेलं नाही. पाहुण्यांना मात्र ते अभिमानाने सांगतात, "मैलोन् मैल बाग, आणि तिकीट नाही!"

इथे राहण्याचा त्यांचा परवानाही मजेदार आहे. ब्रेक्झिटनंतर इंग्रजाला नुसता पासपोर्ट दाखवून १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्याहून जास्त मुक्काम करायचा, तर एक रस्ता असा : पदरचे पैसे दाखवा आणि स्पेनमध्ये कसलंही काम करणार नाही, या अटीवर राहा. ज्या गुणाबद्दल साहेबांनी त्यांच्यावर आयुष्यभर ताशेरे ओढले, तोच गुण इथे सरकारने लेखी अट म्हणून मागितला. उन्हाळकर ही अट अगदी मन लावून पाळतात.

स्पॅनिश त्यांना येतं, म्हणजे नमस्कार, आभार आणि 'बिल आणा' एवढं. इंग्लंडात असताना 'हे बाहेरून आलेले लोक आमची भाषा शिकत नाहीत' ही त्यांची ठाम तक्रार होती. इथे ते रुसाफा वस्तीतल्या अशाच कॅफेत बसतात, जिथे पोऱ्या इंग्रजी बोलतो आणि शेजारच्या टेबलावर दुसरे उन्हाळकर असतात. मध्यंतरी नेटाने स्पॅनिशचे धडे गिरवलेही, पण रस्त्यावरच्या पाट्या वालेन्सियन भाषेत निघाल्या. तेव्हापासून 'ह्यांचं ह्यांनाच ठरवू दे' म्हणून पुस्तक बंद.

पाएया या इथल्या भाताच्या बाबतीत मात्र ते कडवे झाले आहेत. कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा, मोठे पांढरे पावटे. त्यात सॉसेज घालणाऱ्याला ते माफ करत नाहीत. आणि खायची ती दुपारीच. हे सगळं ते कुणाला सुनावतात? गेल्या आठवड्यात मँचेस्टरहून आलेल्या जोडप्याला.

जानेवारीत त्यांना जरूर भेटावं. बाहेर लख्ख ऊन. पण इथली जुनी घरं उकाडा बाहेर ठेवायला बांधलेली, खाली गार फरशी, आणि घर गरम करायची सोय नावापुरती. उन्हाळकर घरात स्वेटर, मफलर, दोन जोड पायमोजे चढवून कुडकुडत बसतात. भावाला फोटो पाठवायचा असला की तेवढं सगळं उतरवून अर्ध्या बाहीच्या शर्टात माल्वारोसाच्या वाळूवर जातात. मार्चमध्ये फायासचा सण येतो. दुपारी दोनला चौकात बारुदाचा असा दणका सुरू होतो की पायाखालची जमीन हलते. पहिल्या वर्षी त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं. पुढच्या वर्षी ऐन फायासात ते नातेवाइकांना भेटायला इंग्लंडात होते, पावसात.

"गर्दी फार वाढली हो," असं ते हल्ली म्हणतात. "मी आलो तेव्हा असं नव्हतं." अलिबागकरांना हा प्राणी ओळखीचा वाटेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाडेवाढीविरुद्ध वालेन्सियात मोठा मोर्चा निघाला. उन्हाळकरांनी बाल्कनीतून टाळ्या वाजवल्या. मोर्चा टुरिस्टांच्या विरोधात आहे अशी त्यांची समजूत होती, आणि आपण टुरिस्ट नाही याची खात्री.

माणूस वाईट नाही. बक्षिशी सढळ हाताने देतो, शेजारणीची पिशवी जिन्यावरून वर नेतो, तिचं बोलणं न कळताही हसतो. पण त्याच्या 'स्वस्त'वर जाऊ नका. २०२५ मध्ये त्याच्या परवान्यासाठी एकट्या माणसाला महिना २,४०० युरोंची मिळकत दाखवावी लागत होती. त्याच वर्षी स्पेनमधलं किमान वेतन होतं १,१८४ युरो, वर्षाला चौदा पगार धरून. तेव्हा वालेन्सियाला जायचा विचार असेल तर खर्चाचं उन्हाळकरांना विचारू नका. त्यांना कॉफी आणून देणाऱ्या पोऱ्याला विचारा, आणि तो राहतो कुठे हेही विचारा.