सुहासची काही हरकत नाही

सुहासची कशालाच ना नसते. पुण्याहून दोन दिवस समुद्रावर जायचं निघालं की पहिला होकार त्याचा. "कुठेही काढा रे, मला काहीही चालेल," असं तो ग्रुपवर लिहितो, खाली नारळाच्या झाडाचं चित्र टाकतो, आणि तिथून पुढे आमचा शनिवार-रविवार धोक्यात येतो.

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या टोळक्यात कोकणाचा विषय निघतोच. चार घरं, दोन गाड्या, एक रात्र. यात ठरवण्यासारखं असतं तरी काय? सुहास नसता तर हे काम एका फोनात झालं असतं. पण सुहास असतो, आणि त्याचं काहीच म्हणणं नसतं.

"गणपतीपुळे?"

"चालेल की! फक्त तीनशे किलोमीटरच्या वर आहे. दोन दिवसांतला एक गाडीतच जाईल. पण तुमचं ठरलं असेल तर माझी काही हरकत नाही."

गणपतीपुळे तिथेच बारगळलं. तारकर्ली त्याच्याही पुढे, म्हणून तिचं नाव कुणी मोठ्यानं घेतलंच नाही. अलिबाग सुहासला एकदम पसंत होतं. फक्त २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाल्यामुळे मुंबईकर तासाभरात गाडीसकट मांडव्याला उतरतात, तेव्हा गर्दी असणार, इतकंच त्यानं नजरेला आणून दिलं. त्याला स्वतःला गर्दीचं काही नाही. "हिला जरा गुदमरल्यासारखं होतं."

ही 'हिला' म्हणजे वर्षावहिनी. सुहासला वैयक्तिक अडचण कधीच नसते. त्याला पंख्याखाली झोप लागते, पण हिला दमट हवेत घामोळं येतं. त्याला घाटाचं काही वाटत नाही, पण ताम्हिणीची वळणं हिला लागतात. जंगलजेट्टीनं खाडी ओलांडायला तो एका पायावर तयार असतो, पण बोट हलली की हिच्या पोटात गोळा येतो. वर्षावहिनी स्वतः ग्रुपवर फारशा लिहीत नाहीत. त्यामुळे आमच्या मनात त्यांची अशी मूर्ती तयार झाली होती, की या बाईंना कापसात गुंडाळूनच पुण्याच्या बाहेर न्यावं.

'नाही' म्हणणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. तो एक जागा नाकारतो, आपण दुसरी सुचवतो, आवाज चढतात, आणि तासाभरात निकाल लागतो. सुहासशी भांडायचं कशावरून? तो तर आपल्याच बाजूचा. त्यानं फक्त अंतर सांगितलेलं असतं, गर्दी सांगितलेली असते, बायकोची प्रकृती सांगितलेली असते. बेत मोडतो तो आपल्याच हातानं, आणि मग "अरे, कशाला रद्द केलंत? मी तर तयार होतो," हे ऐकूनही आपणच घ्यायचं.

मध्यंतरी मतदान घेतलं. लोकशाहीत तरी हा अडकेल असं वाटलं. बहुमतानं मुरुड निवडून आलं. आनंद दोन दिवस टिकला. मग लक्षात आलं, की अर्ध्या लोकांनी जंजिऱ्याशेजारच्या, रायगड जिल्ह्यातल्या मुरुडला मत दिलंय आणि अर्ध्यांनी दापोलीजवळच्या, हर्णैशेजारच्या मुरुडला. एका गटाला जंजिरा बघायचा होता, दुसऱ्याला सुवर्णदुर्ग. दोन्ही किल्ले पाण्यातच, दोन्ही गट हट्टाला पेटलेले. अशा वेळी एका मतानं निकाल फिरला असता. ते मत सुहासचं होतं. त्यानं लिहिलं, "कुठलंही मुरुड चालेल."

कुणीतरी वैतागून म्हणालं, मग सरळ पावसाळ्यात जाऊ, गर्दी तरी नसेल. सुहासनं लगेच कळवलं, की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा मासा मिळायचा नाही. ही माहिती बरोबर आहे. गंमत एवढीच, की सुहास शनिवारी मासे खात नाही. मारुतीचा वार. आमच्या सहली मात्र शनिवारीच निघतात. "तुम्ही खा रे बिनधास्त, मी वरणभात खाईन," असं तो अशा आवाजात म्हणतो, की समोरच्या ताटातली सुरमई आपल्याकडे गुन्हेगार म्हणून बघायला लागते.

शेवटी दिवेआगरपर्यंत गाडी आली. जवळ, समुद्र सपाट, मुलांना बरा.

"चालेल," सुहास म्हणाला. "फक्त तिथला सोन्याचा गणपती चोरीला गेलाय ना?"

"अरे, ते २०१२ साली. २०२१ मध्ये पुन्हा बसवला."

"हो का? मग गर्दी असेल."

आता हा मुखवटा १९९७ साली तिथल्या सुपारीच्या वाडीत खणताना सापडला, तेव्हापासून दिवेआगरला माणसं येतातच. पण नसला तर 'बघायचं काय' आणि असला तर 'गर्दी', हे दोन्ही रस्ते एकाच माणसानं चार मिनिटांत बंद करावेत, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

त्यात आमच्यातला एक मूळचा रत्नागिरीचा. तो कालनिर्णय घेऊन बसला. कोकणात भरतीचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. रविवारी संकष्टी, म्हणजे चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी होते, तेव्हा सकाळी तिकडे जाऊन येऊ, असा त्याचा नेटका बेत.

"छान," सुहास म्हणाला. "फक्त संकष्टीचा माझा उपास असतो. पण माझं सोडा. पुढचा रविवार घेतला तर? सहज विचारतोय."

पुढच्या रविवारी एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे प्रदक्षिणेच्या वेळेला नेमकी भरती, आणि उपास आहेच. रत्नागिरीकरानं कालनिर्णय मिटलं आणि तो बराच वेळ पंख्याकडे बघत बसला.

मग आम्ही ब्रह्मास्त्र काढलं. सगळ्यांनी मिळून सुहासला सांगितलं, या वेळी सगळं तूच ठरव. जागा, तारीख, खोल्या, जेवण. आम्ही हूं की चूं करणार नाही. "चालेल," तो म्हणाला. पहिला आठवडा शांततेत गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं अकरा ठिकाणांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "तुम्ही सगळे म्हणाल ते."

आता मला वाटतं, यात लबाडी नसते. या माणसाला खरोखरच निर्णय नको असतो, कारण निर्णयाला मालक असतो. खोलीत नळाला पाणी आलं नाही, मासा शिळा निघाला, माणगावात दोन तास गाड्या तुंबल्या, तर लोक मालकाकडे बघतात. सुहासला त्या खुर्चीत बसायचं नसतं. त्याला शेजारी उभं राहून, "मी म्हणालो नव्हतो?" म्हणायचं असतं, आणि त्यासाठी आधी सगळंच थोडं थोडं म्हणून ठेवावं लागतं.

कोंडी फोडली आमच्यातल्या मेधानं. तिनं कुणालाच विचारलं नाही. दिवेआगरला एका काकूंच्या घरी चार खोल्या सांगितल्या, आगाऊ पैसे पाठवले आणि ग्रुपवर लिहिलं, "शनिवारी पहाटे साडेपाच, चांदणी चौक. न येणाऱ्याचे पैसे परत मिळणार नाहीत." सुहासनं लिहिलं, "चालेल, फक्त—" आणि पुढचा मजकूर पुढच्या मेसेजात लिहायला घेतला असावा, कारण खाली बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं. तोवर मेधानं फोन बंद केला होता.

शनिवारी सव्वापाचला चौकात एकच माणूस उभा होता. डोक्याला मफलर, हातात थर्मास, चेहऱ्यावर लग्नघरचा उत्साह. सुहास. पिरंगुट मागे पडलं, मुळशीचं पाणी उजाडताना दिसलं, ताम्हिणी आली, आणि हा मुलांना गाण्याच्या भेंड्यांना बसवून स्वतः दोन्हीकडून गात होता. निजामपूरला मिसळ खाताना त्यानं जाहीर केलं, की दोन दिवसांसाठी दिवेआगरसारखं ठिकाण नाही, आणि हे तो पहिल्यापासून म्हणत होता.

काकूंचं घर वाडीत. २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या निम्म्या सुपाऱ्या गेल्या. नव्या रोपांची उंची अजून जुन्यांना गाठत नव्हती. काकू बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्यांनी उंबऱ्यावरच विचारलं, "मागची एक खोली पंपाच्या शेजारी आहे. कोण घेईल?"

"आम्हाला कुठलीही चालेल," सुहास सवयीनं म्हणाला. "फक्त—"

काकू 'चालेल'पर्यंत थांबल्या. 'फक्त' ऐकायला त्या तिथे नव्हत्या. त्याच्या पिशव्या उचलून त्या पंपाशेजारच्या खोलीकडे निघाल्यासुद्धा. रात्री जेवायलाही तेच. "तुम्हाला काय वाढू?" "काहीही चालेल काकू, फक्त आज शनि—" ताटात सुरमईचा तुकडा पडला होता. सुहासनं एकदा तुकड्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं. अन्नाला नावं ठेवू नयेत, असं काहीतरी पुटपुटला. दुसरा तुकडा त्यानं मागून घेतला. वर सोलकढीच्या तीन वाट्या. मारुतीला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही. सुहास मात्र पंपाशेजारी असा झोपला, की सकाळी पंप सुरू झाला तरी आधी त्याचंच घोरणं ऐकू येत होतं.

इतकी वर्षं आम्ही त्याच्या 'फक्त'च्या पुढचं ऐकत बसलो, आणि या बाईंनी ते ऐकलंच नाही. त्यांना वेळ नव्हता. चुलीवर भात होता.

रविवारी हरिहरेश्वर झालं, ओहोटी रत्नागिरीकराच्या वेळेवर लागली, त्याचा चेहरा दिवसभर उजळलेला होता. परत येऊन निघायच्या आधी सगळे सुरूच्या बनात बसलो होतो. मेधानं वर्षावहिनींना काळजीनं विचारलं, "तुला त्रास नाही ना झाला? घाट, दमट हवा, शिवाय काल रात्री पंखाच होता."

"मला?" वहिनी म्हणाल्या. "मला कशाचा त्रास?"

"नाही, तुला घामोळं येतं ना. आणि बोट लागते. म्हणून तर आपण जेट्टीचा रस्ताच कधी घेत नाही."

वहिनींनी हातातल्या शेंगा बाजूला ठेवल्या. त्यांचं आजोळ हर्णैचं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लहानपणी मे महिनाभर त्या तिथेच असत. बंदरात संध्याकाळी होड्या लागल्या, की वाळूत टोपल्या मांडून माशांचा लिलाव चालतो, तो बघायला आजोबांच्या खांद्यावर बसून जात. होडीतून सुवर्णदुर्गापर्यंत जाऊन आल्या होत्या, तेही भर उन्हाळ्यात. लग्नानंतर मात्र समुद्राचं नाव काढलं, की सुहास म्हणायचा, "चालेल, फक्त ग्रुपमधल्या लोकांना इतकं लांब झेपत नाही."

आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही. सुहास अचानक मुलांना शिंपले गोळा करून द्यायला पाण्याकडे गेला. पाणी तेव्हा चांगलंच वर आलं होतं आणि शिंपले दिसण्यासारखे नव्हते.

"पुढच्या वेळी हर्णै," वहिनींनी सांगून टाकलं. "वेश्वीच्या जेट्टीनं. मामाच्या घरी राहायचं, एसी नाही. लिलाव बघायचा आणि तिथूनच मासे घ्यायचे."

सुहास तेवढ्यात रिकाम्या हातानं परत आला होता. जागेचं नाव कानावर पडल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला.

"हर्णै? चालेल की!" तो म्हणाला. "फक्त हिला—"

आणि त्यानं मान वळवून पाहिलं, तर ही समोरच बसली होती.