हल्ली आम्ही हवेत असतो

पॅराग्लायडिंगची खरी गोडी उडण्यापेक्षा सांगण्यात आहे. "शनिवारी जेवायला या," असं कुणी म्हणालं की मी कॅलेंडर बघत नाही. खिडकीबाहेरच्या झाडाचा शेंडा बघतो आणि म्हणतो, "वाऱ्यावर आहे. बहुतेक कामशेतला असेन." पुण्यात कामशेत म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "प्लॉट घेतलात?" मग मी शक्य तितक्या सहज म्हणतो, "छे हो, उडायला जातो." हा सहजपणा मी आरशासमोर बसवलेला आहे. 'उडायला'वर जोर द्यायचा नाही. दिला की समोरच्याला कळतं, हा गेल्याच हंगामात शिकलाय.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाकडे मिरवायला फारसं उरलेलं नसतं. मुलं स्वतःचं स्वतः मिरवतात, केस मिरवण्यापलीकडे गेलेले असतात, आणि रक्तदाब नॉर्मल आला ही बातमी समवयस्कांखेरीज कुणाला रोमांचित करत नाही. अशा वेळी पाठीवर भलंमोठं बोचकं घेऊन सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरण्यात जे सुख आहे ते सातव्या मजल्यापर्यंत पुरतं. बोचकं गाडीतही ठेवता येईल. पण डिकीत उन्हाची धग लागून पंखाचं कापड खराब होतं, हे शास्त्रीय कारण माझ्याजवळ तयार असतं. ते खरंही आहे.

डोंगरावर काय चालतं, हे मात्र मी लिफ्टमध्ये सांगत नाही. डोंगरावर आम्ही उभे असतो. हेल्मेट घालून, वाऱ्याकडे तोंड करून, तासन् तास. मधूनच कुणीतरी वाळलेलं गवत चिमटीत घेऊन हवेत सोडतं आणि ते कुठे पडतं हे सगळे गंभीरपणे बघतात. टॉवर हिल, शिंदेवाडी अशी आमची उडायची ठिकाणं आहेत; मावळातल्या कुठल्या टेकडीला सकाळचा वारा लागतो, कुठल्या टेकडीला दुपारनंतर घाट चढून येणारा कोकणातला. पण वारा नुसता असून चालत नाही. तो समोरूनच हवा आणि मापात हवा. आमच्या पंखाचा स्वतःचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. समोरून तेवढाच वारा आला तर माणूस आकाशात जागच्या जागी उभा राहतो. त्याहून जास्त आला तर उलटा, डोंगराच्या पाठीमागे जातो, जिथे वारा गरगरत असतो आणि जिथे कुणी जाऊ नये. कमी आला तर डोंगराला धडकून वर चढणारी हवा पुरत नाही. माणूस दोन-तीन मिनिटांत खालच्या शेतात उतरतो आणि बोचकं घेऊन पुन्हा टेकडी चढतो. पाठीमागून आला तर चहा. म्हणून ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा हंगाम असला, तरी त्यातला बराचसा चहाचाच.

टेकडीखालच्या वाडीतले एक मामा म्हशी घेऊन रोज वर येतात. "आज तरी?" एवढाच त्यांचा प्रश्न. सुरुवातीला मी त्यांना वाऱ्याची दिशा, तापलेल्या खडकावरून सुटणारी गरम हवा, समुद्रावरचा वारा हे सगळं समजावून सांगायचो. एकदा त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी न्हाई."

खेळाचा जन्म मात्र आम्हा पुणेकरांना शोभेल असा आहे. १९७८ साली फ्रान्समधल्या म्युसी गावात काही पॅराशूटवाल्यांना प्रश्न पडला, की अचूक उतरायचा सराव करायला दर वेळी विमानाचं भाडं कशाला भरायचं? ते गावामागच्या डोंगरावर गेले, पॅराशूट पसरलं आणि उताराने पळत सुटले. पैसे वाचले आणि एक खेळ जन्माला आला. एका काटकसरीच्या खेळासाठी मी केलेल्या खर्चाचा आकडा मात्र घरात फक्त मला माहीत आहे.

खेळात शिरताना पहिला घाव वजनावर पडतो. पंख वजनाप्रमाणे मिळतात. तुम्ही, बैठक, पंख, हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळं मिळून जे भरेल ते पंखावर छापलेल्या मर्यादेत बसावं लागतं. कमी पडलात तर तो ढिला राहून चटकन मिटू शकतो, जास्त झालात तर बेफाम पळतो. आमच्या क्लबच्या मास्तरांनी (त्यांना सगळे मास्तरच म्हणतात) मला सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं. मी सांगितलेला आकडा आणि काट्याचा आकडा यांत एक सुदृढ बालक बसलं असतं. "बूट जड आहेत," मी म्हणालो. "हो, मोठ्या मापाचा पंख काढा रे," मास्तर म्हणाले.

आता मला घडीविषयी बोलायचं आहे आणि जरा ऐसपैस बोलायचं आहे. ज्यांना उड्डाणाची घाई असेल त्यांनी पुढचे काही परिच्छेद ओलांडावेत. अर्थात पुढेही फारसं उड्डाण नाही.

पंख म्हणजे नायलॉनच्या कापडाचे दोन थर आणि मध्ये कप्पेच कप्पे. पुढच्या कडेला तोंडं असतात, त्यांतून हवा शिरते आणि कापडाला आकार येतो. त्या कडेत प्लास्टिकच्या बारीक काड्या असतात. घडी घालताना त्या एकीवर एक नीट रचाव्या लागतात. वाकल्या तर आकार बिघडतो. टेकडीवर हे काम उजेड जाता जाता, चिलटं मारत, कसंबसं होतं. म्हणून एका रविवारी मी पंख घरी पसरला. तो अकरा मीटर लांब आणि आमचा हॉल चौदा फूट. उजवं टोक पॅसेजमधून मोरीपर्यंत गेलं, डावं टोक बाल्कनीत. मी मधोमध, मोजे घालून, पुस्तिका वाचत.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या खोलीतून बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. "जावईबापू, तुडवताय काय ते?"

"घडी घालतोय, आई."

त्या खाली बसल्या. कापड बोटांत धरून चोळून पाहिलं. याने माणूस कसा उडतो, असं त्यांनी विचारलं नाही. "धुवायचं कसं?" हा पहिला प्रश्न.

"धुवायचं नाही. साबण तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि सावलीत वाळवायचं."

"डांबरगोळी?"

"नाही. कुठलंच केमिकल नाही."

"ऊन?"

"उन्हाने मरतं."

"म्हणजे पैठणीच की," असं म्हणून त्यांनी मला बाजूला सरकायला सांगितलं.

सासूबाईंच्या कपाटात त्यांच्या सासूबाईंची पैठणी आहे. वर्षातून दोनदा ती मलमलीतून बाहेर निघते, वारा खाते आणि पुन्हा घडी होते. पण जुन्या घडीवर नाही. दर वेळी घडी सरकवायची. त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा मोडली की जर नेमकी तिथेच तुटते. आवळून बांधायची नाही, वर जड काही ठेवायचं नाही, दमट अंगाने आत जाऊ द्यायची नाही. पंखाच्या पुस्तिकेतही हेच लिहिलं आहे: ओला बांधू नका, सैल ठेवा, दर वेळी त्याच रेषेवर मोडू नका. पुस्तिका मी वाचली होती. आईंनी वाचली नव्हती, आणि घडी त्यांची चांगली झाली.

घडीआधी त्यांनी एकेक कप्पा बाल्कनीच्या उजेडावर धरला. मधल्या एका कप्प्यात वाळून चपटा झालेला नाकतोडा निघाला, आणि त्याच्या शेजारी मसुरीएवढं भोक. पंखात अडकलेले नाकतोडे कापड कुरतडून बाहेर पडायला बघतात, हा इशाराही पुस्तिकेत होता, पण माझी समजूत अशी की नाकतोडे इतरांच्या पंखात जातात. मी दुरुस्तीची चिकटपट्टी आणली, चौकोनी तुकडा कापला. "कोपरे गोल करा," आई म्हणाल्या, "टोकं उचकटतात." पुढच्या पानावर मला तेच वाक्य सापडलं. मी पुस्तिका मिटून ठेवली.

बैठकीत एक आपत्कालीन पॅराशूट असतं. ते कधी वापरावं लागू नये अशी सगळ्यांची इच्छा, पण न वापरताही साधारण सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने, उघडून, हवा दाखवून जाणकाराकडून पुन्हा बांधून घ्यावं लागतं. बराच काळ दाबून राहिलं तर कापडाचे थर एकमेकांना चिकटतात आणि नको त्या वेळी उशिरा उघडतं. हे ऐकल्यावर आईंनी पैठणीच्या शेजारी कॅलेंडरवर त्याचीही तारीख लिहिली.

मग त्यांचा हात दोऱ्यांवर गेला. वरच्या दोऱ्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या असतात.

"यांच्यावर माणूस लोंबकळतो?"

"हो. भक्कम असतात, आई. खास धाग्याच्या."

त्या काही बोलल्या नाहीत. एक दोरी दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत ओढत आणली, गाठ लागते का बघत. मग दुसरी. सगळ्या दोऱ्या होईपर्यंत उठल्या नाहीत. तेव्हापासून दर शुक्रवारी रात्री मालिका लागली की त्यांच्या मांडीवर माझ्या दोऱ्या असतात. जाऊ नका, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. टेकडीवर बायकोचा फोन येतो तो "उडलास का?" विचारायला. मित्रांचाही तोच. आईंचा फोन अंधार पडायच्या सुमारास येतो: "उतरलात ना?"

फोनवरून आठवलं. सुट्टीच्या दिवशी टेकडीवर फोन हातात धरलेली माणसं येतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपण आलो आहोत तर कुणीतरी उडावं. "कधी उडणार?" "घाबरले वाटतं." "काका, आमची गाडी निघायचीय, उडा ना." मला त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग येतो तो त्या प्रत्येक वाक्याने माझा हात बैठकीच्या बकलाकडे जातो याचा. मे महिन्याची दुपार, खडक तापलेले, वारा क्षणात पडतोय, क्षणात थोबाडीत मारल्यासारखा येतोय, घाटावर ढग चढताहेत. आणि मनात चाललेलं असतं, की व्हिडिओ उजव्या बाजूने घेतला तर पोट दिसणार नाही. वाऱ्याचा अंदाज सांगणारी सगळी ॲप्स माझ्याकडे आहेत. समोर किती जण मोबाइल रोखून उभे आहेत, हे त्यांतलं एकही धरत नाही.

ओळखीतल्या एका मुलाने अशाच एका दुपारी टाळ्यांसाठी धाव घेतली. जमिनीपासून फार उंच नव्हता, पंख एका बाजूने मिटला. आज तो चालतो. पायऱ्या उतरताना कठडा धरतो. खाली उभ्या असलेल्यांनी तो व्हिडिओही शेवटपर्यंत घेतला होता.

मेमधल्या ढगाकडे कुणी प्रेमाने बघू लागलं की मास्तर एवा विश्निएर्स्काची गोष्ट सांगतात. जर्मन संघातली नामांकित खेळाडू. २००७ साली ऑस्ट्रेलियात मॅनिलाजवळ सराव करताना वादळी ढगाने तिला आत ओढलं आणि ९,९०० मीटरच्या वर नेलं, म्हणजे एव्हरेस्टहून उंच. बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ साचलं, आणि तरी जिवंत उतरली. त्याच वादळात सापडलेला चिनी खेळाडू नाही वाचला. गोष्ट संपली की मास्तर "आज नाही" म्हणतात आणि सगळ्यांत आधी स्वतःचा पंख गुंडाळायला घेतात. त्यांच्याएवढं उडलेलं आमच्यात कुणी नाही, आणि त्यांच्याएवढ्या वेळा न उडता टेकडी उतरलेलंही कुणी नाही.

पंचाहत्तरी झाल्यावर आई म्हणाल्या, "दोऱ्या मी बघते, तर वर काय असतं तेही बघू दे की." बायकोने आधी त्यांच्याकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं. जानेवारीतल्या सकाळी, वारा अगदी लाडात असताना, आम्ही गेलो. आई नातीच्या ट्रॅकपँटमध्ये, वर स्वेटर, कपाळाला कुंकू. मास्तरांनी क्लबचा दोघांचा पंख पसरला. आई वाकल्या, कापड उचलून ओठांना लावलं, पलीकडे तळहात धरला आणि जोरात फुंकर मारली.

"आरपार जाते," त्या म्हणाल्या. "हे विरलंय. याला मी बसणार नाही."

टेकडीवर शांतता पसरली. मास्तरांचा पंख विरलाय असं त्यांना आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. त्यांनी कापड ओठांना लावून फुंकलं, दुसऱ्या जागी फुंकलं, मग माझा पंख मागवून त्यावर फुंकून पाहिलं. माझ्यातून काही गेलं नाही. ते एक शब्द न बोलता पंख गुंडाळायला लागले. "काड्या आधी जुळवा," आईंनी सांगितलं.

तपासणीत पंख बाद ठरला. वाडीतल्या मामांनी तो मागून नेला आणि आता त्यांची गवताची गंजी मावळातली एकमेव नारिंगी गंजी आहे. पुढच्या हंगामात नवा पंख आला, त्यावर पहिली फुंकर आईंची, आणि पहिलं उड्डाणही. उतरल्यावर मी धावत गेलो, "कसं वाटलं?" तर म्हणाल्या, "वर एवढी थंडी असते, सांगायचं नाही का? शाल घेतली असती."

मागच्या शनिवारी मी एकटाच गेलो. मास्तरांनी नव्या बॅचशी ओळख करून दिली, "हे आपल्या आजींचे जावई." मुलं अदबीने उभी राहिली. मी छाती जरा पुढे काढली, हेल्मेट काखेत घेतलं आणि प्रश्नांची वाट बघू लागलो. एका मुलीने धीर करून विचारलं, "काका, आजींचा शुक्रवारचा क्लास ऑनलाइन असतो का हो?"