इंग्रजीच्या मॅडम यांस, सचिवांचा नमस्कार

प्रति,
इंग्रजीच्या मॅडम,
प्रथम वर्ष अभियांत्रिकी (फिजिक्स लॅबशेजारी, कोपऱ्यातलं टेबल)



'मला फक्त इंग्रजी शिकवू द्यावं' हा तुमचा अर्ज मिळाला. व्यवस्थापन मंडळाला तो वाचून वाईट वाटलं. संस्था तुमच्यावर किती विश्वास टाकते! नॅकचा अहवाल तुमच्याकडे, प्राचार्यांचं मनोगत तुमच्याकडे, वार्षिकांक आणि गॅदरिंगचं सूत्रसंचालनही तुमच्याकडेच. मेकॅनिकलच्या सरांचा पेपर भाषेपायी परत आला, तेव्हा तेही 'जरा ग्रामर बघा' म्हणत तुमच्याच टेबलाशी आले. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, त्यामुळे उन्हाळ्यात तास नाहीत आणि मानधनही नाही, हा नियमच आहे. तरी माहितीपुस्तिका ऐन मे महिन्यात तुम्ही आपुलकीने लिहून दिलीत. अशा नात्यात अर्ज कसले करायचे?

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून आपल्या लोकांना एक गोष्ट पक्की कळली आहे: पाहुण्यांना दाखवता येईल असं काहीतरी हवं. मेकॅनिकलकडे लेथ आहे, सिव्हिलकडे काँक्रीटचे ठोकळे आहेत. तुमच्या विषयाचं काय दाखवणार? म्हणून लँग्वेज लॅब उभी केली. समिती येते त्या दिवशी हेडफोन प्लास्टिकमधून निघतात आणि समितीची गाडी वळली की परत जातात. ते मुलांना वापरू द्यावेत, ही तुमची सूचना नाकारण्यात येत आहे. मुलं वापरतात, मग ते मोडतात.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मुलगा आपल्याकडे येतो तो बारा वर्षं इंग्रजी शिकून. राहिलेलं किरकोळ काम तुम्हाला एका सत्रात, आठवड्याला दोन तासांत उरकायचं आहे. एनबीएच्या ज्या पीओंवर (प्रोग्रॅम आउटकम्सवर) आपली फाईल उभी आहे, त्यात एक कम्युनिकेशनचा. त्याच्यापुढे मॅपिंगमध्ये 'तीन' हवा होता. तुम्ही 'एक' लिहिलात. वर म्हणालात, सत्तर मुलांच्या वर्गात शिकवण्यातून उरलेल्या वेळात एकेकाच्या वाट्याला सत्रभरात जेमतेम पाच मिनिटं बोलणं येतं. आकडेमोड गणिताच्या सरांवर सोपवा आणि 'तीन' करून टाका.

आता तक्रारीचा मुद्दा. शेवटच्या वर्षाला कॅम्पस मुलाखतीची उत्तरं ट्रेनिंगच्या एजन्सीने छापून दिलेली आहेत. गुण विचारले तर 'आय ॲम हार्डवर्किंग', दोष विचारला तर 'आय ॲम अ परफेक्शनिस्ट'. अख्ख्या बॅचला तोंडपाठ आहे. डोळे मिटून ऐकलं तर एकच मुलगा सत्तर वेळा बोलतोय असं वाटतं, इतकी प्रगती आहे. त्यांच्या सरावाच्या तासाला तुम्ही मात्र एका मुलाला मध्येच थांबवलंत आणि विचारलंत, तुमची शेती आहे ना, मग विहिरीवरची मोटर का जळते ते सांग. तो सुटलाच. रात्रीची लाईट, एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांवर चढणारा करंट, तापणारं वाइंडिंग. 'फेज इज गोइंग, बट मोटर इज नॉट नोइंग' असलं इंग्रजी! वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. मग मागच्या बाकावरचा एकजण, जो प्रवेश घेतल्यापासून हजेरीशिवाय काही बोललेला नाही, उठून म्हणाला, 'बट व्हाय ओव्हरलोड रिले नॉट ट्रिपिंग?' त्यावर तिसऱ्याने सांगितलं की गावात तो रिले लोक बायपासच करून ठेवतात. तुम्ही फळ्यावर क्रियापदं लिहीत होता आणि पोरं ती उचलून भांडत होती. पुढच्या तासाचे सर दहा मिनिटं दाराबाहेर उभे.

हे कोणत्या युनिटमध्ये येतं? मोटर हा इलेक्ट्रिकलचा विषय. तिथले सर ती मराठीतून नीट समजावतात, मुलं परीक्षेला इंग्रजी उत्तर पाठ करून लिहितात, कुणाचंच काही अडत नाही. एआयसीटीईने २०२१मध्ये मराठीतून अभियांत्रिकीला मान्यता द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपण अर्ज केला नाही. मराठीतून शिकवायला मान्यता लागते, हेच आपल्या प्राध्यापकांना तेव्हा समजलं.

तो मोटरवाला मुलगा कॅम्पसमध्ये निवडला गेला, हे खरं. पॅनेलने त्याचं छापील उत्तर अर्ध्यावर तोडून 'घरी काय करतोस' असं विचारलं आणि मग अर्धा तास सोडलं नाही, असं तो सांगतो. मुलं काहीही सांगतात. निवडीचं श्रेय एजन्सीचं आहे आणि त्याचं बिल त्यांनी लावलेलंही आहे.

बसस्टँडसमोर फ्लेक्स लागतोय. संस्थापक साहेब, अध्यक्ष, मी, प्राचार्य आणि प्लेसमेंट ऑफिसर यांचे फोटो बसल्यावर मुलाचा फोटो खाली डाव्या कोपऱ्यात कसाबसा मावला. तुमच्या नावाचा विचार झाला होता, पण उरलेल्या जागेत प्रिंटरवाल्याचा मोबाईल नंबर येतो. मजकूर सोबत जोडला आहे. 'काँग्रॅच्युलेशन्स'चं स्पेलिंग तेवढं तास संपल्यावर बघून द्या, माणूस पाच वाजता न्यायला येणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव