दृष्टच लागली हो त्या पोरींना!

अहो वहिनी, ऐकलंत का? सॉफ्टबॉल परत येतोय ऑलिंपिकमध्ये! 2028 ला, लॉस एंजेलिसला. म्हणजे नावाला लॉस एंजेलिस. सामने होणार तिथून कुठल्या कुठे, ओक्लाहोमा सिटीत. तिथं म्हणे बायकांच्या सॉफ्टबॉलचं भलं मोठं मैदान तयारच आहे. ते एक असो. पण परत येतोय हे खरं. नाहीतर त्या पोरींना आत घेतात काय, बाहेर काढतात काय... वैताग नुसता.

आपली जेनी आठवते ना? अमेरिकेची पिचर जेनी फिंच हो! सोनेरी केसांची, सहा फुटांच्या वर उंच. 2001 साली ॲरिझोनाच्या कॉलेजकडून पिचिंग केलं तेव्हा 32 सामने तिच्या नावावर, आणि बत्तीसच्या बत्तीस जिंकलेले. एकसुद्धा हरली नाही. तर 2004 मध्ये काय झालं, बेसबॉलमधल्या मोठमोठ्या पुरुषांबरोबर एक हौशी सामना ठेवला होता. समोर कोण, तर आल्बर्ट पुजोल्स! तो माणूस म्हणजे काय साधासुधा बॅटर आहे का? आणि हिच्या पाठीमागचे फील्डर काय करतात, तर एक जण ग्लव्ह काढून चक्क मातीत आडवा झाला, दुसरा पाणी प्यायला निघून गेला. त्यांना माहीत होतं ना, बॉल आपल्यापर्यंत येतच नाही म्हणून! आणि तस्संच झालं. पुजोल्स आऊट, पियाझा आऊट, जाइल्स आऊट. चेहरे असे पडलेले म्हणून सांगू! बेसबॉलचा तो बडा अलेक्स रॉड्रिगेझ तर तिच्यासमोर बॅट घेऊन उभाच राहिला नाही. शहाणा म्हणायचा.

आता पुरुषमंडळी म्हणतात, बॉल मोठा असतो, त्यात काय एवढं. अहो, पण पिचर नि बॅटरमधलं अंतर किती? अवघं 43 फूट! बेसबॉलमध्ये साठाच्या वर. आणि हात अख्खा गरागरा फिरवून कमरेखालून सोडायचा, तो बॉल वर चढत येतोय असं वाटतं. जन्मभर वरून येणारा बॉल बघायची सवय झालेली, डोळ्यांना काही सुधरतच नाही. आणि गंमत ऐका, जेनीने लग्न केलं तेही बेसबॉलच्या पिचरशीच! मुलाचं नाव काय ठेवलं असेल? एस. पत्त्यातला एक्का हो!

पण हे आजचं नाही म्हणा. सॉफ्टबॉलची पिचर जोन जॉइस हिने बेसबॉलचा बडा बॅटर टेड विल्यम्स याची केलेली फजिती आठवा. कनेक्टिकटमध्ये, तिच्या वॉटरबरी गावात, तिच्याच माणसांनी स्टेडियम भरलेलं. तो एवढा मोठा विल्यम्स बॅट फिरवतोय, फिरवतोय, बॉल काही लागत नाही. एखाददुसरा फाऊल गेला असेल. शेवटी बॅट टाकली नि चालू पडला. पुढे बेसबॉलच्याच हँक ॲरनचीही तीच गत. जोनचा हिशोब ठाऊक आहे ना, 753 जिंकले नि 42 हरले. नंतर गोल्फ खेळायला गेली, तर तिथे एका राउंडमध्ये सगळ्यात कमी, फक्त 17 पटिंगचे फटके मारायचा विक्रम! काय बाई एकेकीचे हात असतात.

तर काय सांगत होते... हां, डॉट. अमेरिकेच्या टीममधली डॉट रिचर्डसन. ही दहा वर्षांची असताना मुलांच्या टीमचा कोच तिला म्हणतो, घेतो तुला, पण केस कापायचे नि नाव सांगायचं बॉब! एवढीशी पोर, पण सरळ नाही म्हणाली. पुढे झाली हाडांची डॉक्टर. 1996 च्या ॲटलांटा ऑलिंपिकला हॉस्पिटलमधून रजा काढून गेली. फायनलमध्ये चीनविरुद्ध होम रन मारला, चीनच्या पोरींनी वाद घातला की बॉल फाऊल होता, तरी पंचांनी काही ऐकलं नाही. गोल्ड मेडल घेतलं नि ही बाई परत ड्यूटीवर हजर!

पण ॲटलांटातला खरा किस्सा त्याच टीममधल्या डॅनी टायलरचा. ऑस्ट्रेलियाशी सामना, डॅनीने मारला होम रन. आनंदात सगळ्यांना टाळ्या देत आली, आणि... होमप्लेटला पायच लावला नाही हो! ऑस्ट्रेलियाने लगेच हरकत घेतली. आऊट. रन गेला. बिचारी अमेरिकेची पिचर लिसा फर्नांडिस तिकडे एकेकीला उडवतेय, ओळीने 29 जणींना पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही, आणि दहाव्या इनिंगमध्ये दोन आऊट असताना ऑस्ट्रेलियाच्या जोॲन ब्राऊनने होम रन मारून सामना नेला. लिसाचं नशीबच तसं. चार वर्षांनी सिडनीत तिने एका सामन्यात 25 जणींना स्ट्राइकआऊट केलं, तरी तेराव्या इनिंगला हरली. कोणाशी? परत ऑस्ट्रेलियाशीच!

सिडनीला तर दृष्टच लागली होती अमेरिकेच्या पोरींना. आधी शंभराहून जास्त सामने ओळीने जिंकलेले, आणि तिथे एकामागून एक तीन हरल्या. मग काय केलं असेल? सगळ्याजणी गणवेशासकट शॉवरखाली जाऊन उभ्या राहिल्या, वाईट गेलं ते धुऊन जावं म्हणून. आता सिडनीत मीठ-मोहऱ्या कुठून आणणार बायका! पण लागू पडलं बरं का. फायनलला जपानच्या कोसेकीच्या हातातून झेल सुटला, ती पडली, आणि यांना गोल्ड.

मग अथेन्स. 2004. सगळे सामने मिळून यांचे 51 रन आणि बाकीच्या जगाचा एक. एक! इतकं चांगलं खेळू नये माणसानं, लोकांच्या डोळ्यांवर येतं. दुसऱ्याच वर्षी सिंगापूरला, खेळ ऑलिंपिकमध्ये ठेवायचा का यावर ऑलिंपिक समितीचं मतदान झालं, 52 विरुद्ध 52, एक तटस्थ. बहुमताला एक मत कमी, आणि गेला हो खेळ! कोणी म्हणतात, अमेरिकाच नेहमी जिंकते म्हणून काढलं. कोणी म्हणतात, बेसबॉलचे मोठे खेळाडू ऑलिंपिकला येत नव्हते, औषधांची भानगड होती, म्हणून तो काढला, आणि थोरलीच्या भांडणात धाकटी जाऊ पण घराबाहेर. मला विचाराल तर हे दुसरं कारणच खरं.

आणि अमेरिकाच जिंकते म्हणे! 2008 ला बीजिंगमध्ये, खेळ बाहेर जायच्या आधीच्या शेवटच्या ऑलिंपिकला, काय झालं मग? जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत 413 बॉल टाकले, बोटाची सालं निघाली तरी. फायनल 3-1 ने नेली. अमेरिकेच्या पिचर कॅट ऑस्टरमन नि मोनिका ॲबट यांचे चेहरे बघवेनात. तेरा वर्षांनी टोकियोच्या ऑलिंपिकला खेळ परत आला, या दोघीही परत आल्या, कॅट 38 ची, आणि समोर कोण? उएनोच! 39 ची. जपानच्या यामामोतोच्या हाताला लागून उडालेला बॉल तिच्याच टीमच्या आत्सुमीने झेलला, एका फटक्यात दोन आऊट, आणि अमेरिकेचं तोंड पुन्हा एवढंसं. 2-0. देव जपानी होता त्या दिवशी.

ही मोनिका म्हणजे तीच बरं का, मिलियन डॉलरवाली. 2016 मध्ये टेक्सासच्या टीमने सहा वर्षांचा करार केला, पेपरात केवढा गाजावाजा! आणि आतलं काय? पक्का पगार वर्षाला 20,000 डॉलर. बाकीचं प्रेक्षक आले तर बोनस म्हणून. हो! म्हणून तर ती जपानला टोयोटाकडून खेळायला जायची. तिथे निदान कंपनी सांभाळते.

असो, दूध उतू जाईल माझं. तर 2028 चं लक्षात ठेवा. तिथला संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे येणार. घरात आत्ताच सांगून ठेवा, त्या आठवड्यात सकाळचा चहा ज्याचा त्याने करायचा.