काउंटरच्या अलीकडचे आपण

मराठी मध्यमवर्गीय घरातला मुलगा सेल्समध्ये लागला, की ती बातमी जरा धुऊन-इस्त्री करूनच बाहेर सांगतात. "बँकेत असतो," एवढंच. बँकेत नेमकं काय करतो, हे विचारणारा अडाणी ठरतो. पोरगं भर उन्हात बाइकवरून क्रेडिट कार्डांचे फॉर्म घेऊन सोसायट्या पालथ्या घालतंय, वॉचमनच्या शिव्या खातंय, हे घरच्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या कार्डावर 'रिलेशनशिप मॅनेजर' छापलेलं असल्यामुळे सगळ्यांचीच सोय होते. लग्नाच्या बायोडेटात तर त्यातलं 'रिलेशनशिप'ही गळतं आणि नुसता मॅनेजर उरतो.

माझ्या भाच्यानं अशीच एक नोकरी नुकतीच सोडली. कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, लोकांच्या मागे लागणं आपल्याला नाही जमत. आपल्या रक्तातच नाही ते." ताईला लेकाच्या या बाणेदारपणाचं कोण कौतुक! "बरोबरच आहे त्याचं. खोटं बोलून माल गळ्यात मारायचा, ही काय आपली कामं आहेत?" असं म्हणून तिनं कापडी पिशवी काखोटीला मारली आणि ती तुळशीबागेत गेली.

रक्ताचा मुद्दा धरून बसायचं, तर इतिहास फारशी साथ देत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर घेऊन गेले, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं लागली. आजच्या हिशेबात सलग आठ तिमाही टार्गेट शून्य. एखाद्या रीजनल मॅनेजरनं लक्ष्मणरावांना पहिल्याच तिमाहीला घरी बसवलं असतं, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसायची राहून गेली असती. 1952 मध्ये 'विको' काढणाऱ्या केशव पेंढरकरांनीही सुरुवातीला दारोदार फिरूनच माल विकला. ही नावं आपण अभिमानानं घेतो, व्याख्यानमालेत तर हटकून घेतो. त्या वेळी दार अर्धवट उघडून "नको, आमच्याकडे आहे" म्हणणारे कोण होते, याचा तपास मात्र अजून कोणी लावलेला नाही. बहुधा आपलेच आजोबा असावेत.

तर ताई तुळशीबागेत गेली. तुळशीबागेत मधोमध राममंदिर आहे. पेशवाईत पुण्याचे सुभेदार असलेल्या नारो आप्पाजी खिऱ्यांनी ते बांधलं. एकवचनी रामाला तिथे बसवलं, पुढे त्याच्याभोवती बाजार वसला, आणि एकवचनी असा त्या आवारात रामच तेवढा उरला.

"केवढ्याला?" ताईनं पर्सकडे न बघता विचारलं. आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नसतं, हा पहिला नियम.

"साडेचारशे, ताई."

ताईनं चेहरा असा केला, की आजूबाजूच्यांना वाटावं, काहीतरी वाईट बातमी आली.

"दीडशेला द्या."

"दीडशेला मिळत असली तर मलाच आणून द्या, ताई. शंभर घेतो."

मग ताईनं पर्सची चेन तीनदा ओढून ती अडकते असं जाहीर केलं. पावसात रंग जाईल, हे भविष्य वर्तवलं. मागच्याच आठवड्यात तिच्या नणंदेनं हीच पर्स समोरच्याकडून एकशे ऐंशीला नेली, हेही सांगितलं. ताईला नणंद नाही. त्यानंतर ती निघाली. हे निघणं सरावानंच साधतं. पाय पुढे जात असतात, कान मागे राहिलेले असतात, आणि वेग असा ठेवायचा, की हाक कितीही उशिरा आली तरी आपण ऐकू येण्याच्या टप्प्यातच असू. चौथ्या पावलाला हाक आली. "या ताई, या. भवानीची वेळ आहे, तुम्हाला नाही म्हणवत नाही." दुपारचे साडेचार वाजले होते. खोटेपणात दोघंही तोडीस तोड निघाली आणि व्यवहार दोनशेवर मिटला.

गंमत म्हणजे, माल नाकारणं, तुलना करणं, प्रतिस्पर्ध्याचा भाव तोंडावर फेकणं आणि वेळेवर उठून चालू लागणं, यांतल्या प्रत्येकाला भाच्याच्या कंपनीत इंग्रजी नाव होतं आणि त्यासाठी लोणावळ्याच्या रिसॉर्टवर ट्रेनिंग झालं होतं. तिथून परतल्यावरच त्यानं राजीनामा दिला. ते सगळं त्याच्या आईकडून घरबसल्या शिकता आलं असतं. नाश्ताही बरा मिळाला असता.

भाचा स्वतः तुळशीबागेत जात नाही, त्याला ते लाजिरवाणं वाटतं. तो रात्री बारा वाजता मोबाइलवर सेल उघडायची वाट बघतो. या जमातीचा इतिहासही आता जुना झाला. 26 जानेवारी 2006 ला बिग बझारनं 'सबसे सस्ता दिन' साजरा केला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, आणि पुढे त्या एका दिवसाचे तीन दिवस करावे लागले. 6 ऑक्टोबर 2014 ला फ्लिपकार्टच्या 'बिग बिलियन डे'ला तर धक्काबुक्कीसाठी घराबाहेर पडायचीही गरज उरली नाही. अख्खा देश एकाच वेळी घुसला, साइट कोलमडली आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. विकणाऱ्यानं घेणाऱ्याची माफी मागितलेली बघून भाच्याच्या पिढीला जे समाधान मिळालं, ते कुठल्याही डिस्काउंटनं मिळालं नसतं.

परवा त्यानं बूट घेतले. चार हजार नऊशे नव्व्याण्णवचे, चौदाशे नव्व्याण्णवला. "मामा, साडेतीन हजार वाचवले!" आता, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं हा वैध मापनाच्या कायद्यानं गुन्हा आहे. मुळात किती छापायची, हे मात्र बहुतेक वस्तूंच्या बाबतीत छापणाऱ्याच्याच हातात असतं. त्यामुळे काही मालाची सूट आधी ठरते आणि किंमत तिच्या मापानं मागाहून शिवतात. हे भाच्याला कळत नाही असं नाही. सहा महिने तो स्वतः "सर, जॉइनिंग फी खास तुमच्यासाठी माफ" असं प्रत्येक खास माणसाला सांगत फिरत होता. पण काट मारलेला आकडा दिसला, की त्याच्यातला सेल्समन झोपतो आणि गिऱ्हाईक जागं होतं. वाचवलेले साडेतीन हजार कुठे आहेत, हे मी विचारलं नाही. पगार बंद झालेल्या माणसाला असं विचारू नये.

मला विचाराल, तर आपल्याला विकण्याचा तिटकारा वगैरे काही नाही. 'नको' ऐकण्याचा आहे. विकणारा दिवसभर नकार ऐकतो, घेणारा तो वाटत फिरतो, सगळा फरक एवढाच. आठवडाभर साहेबाला हो, साहेबाच्या साहेबाला हो, शाळेच्या फीवाढीला हो आणि सोसायटीच्या वर्गणीला हो म्हणून मान दुखायला लागते. मग रविवारी मंडईत दहा रुपयांच्या जुडीसमोर उभं राहून ठणठणीत "नको" म्हणता येतं. अर्थात हा बाणा जागा बघून दाखवायचा असतो. काचेचं दार आणि एसी लागला, की आपण निमूट कार्ड पुढे करतो. तिथे शौर्य परत येतं ते पिशवीचे वेगळे दहा रुपये लावल्यावर.

आणि विकायची वेळ आलीच, नकाराची भीतीही नसली, तर आपण काय विकू शकतो, हे बघायचं असेल तर दारात बोहारीण आलेली असताना बघावं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण हल्ली कमी दिसते, ताईच्या गल्लीत अजून येते. त्या दिवशी ताईनं गाठोडं सोडलं आणि मी एका उत्तम विक्रेत्याला जवळून पाहिलं. विरलेली बाजू घडीच्या आत होती. वरची साडी "एकदाच नेसलेय गं, तीही हळदीकुंकवाला" अशी होती. जर खरी होती. मधूनच ताई एक पातळ उचलून "हे नाही देववत बाई, आईची आठवण आहे" म्हणून बाजूला ठेवत होती, आणि बोहारणीचा जीव नेमका त्याच पातळावर जात होता. आईची म्हणजे माझीही आईच. तिच्या अंगावर ते पातळ मी कधी पाहिल्याचं आठवत नाही.

बोहारीणही काही कच्ची नव्हती. तिनं प्रत्येक कपडा उन्हाकडे धरून भोकं मोजली. स्टीलची परात पुढे केली, मागे घेतली. "अजून दोन पँटी टाका, ताई, मग डबा देते." पँटी नव्हत्या. ताई आत गेली आणि भाच्याचे नोकरीतले तीन फॉर्मल शर्ट, दोन काळ्या पँटी आणि टाय घेऊन आली. शर्ट, पँटी गेल्या. बोहारणीनं टाय दोन बोटांत धरून उलटसुलट केला आणि परत दिला. "हे ठेवा. ह्याचं काय होत नाय."

परात आणि डबा दोन्ही मिळाले. ताई विजयी मुद्रेनं आत येते तोच तिचा फोन वाजला. कुठल्याशा कंपनीतून पर्सनल लोन विकणारी मुलगी होती. मराठीच, आवाजावरून बावीस-तेवीसची. अशा फोनवर भाचा पहिल्या शब्दाला फोन कापतो, कधीकाळी आपलाही असाच कापला जायचा हे विसरून. ताईचं तसं नाही. तिनं परात खाली ठेवली, पदर खोचला आणि सोफ्यावर बैठक मारली.

"व्याज किती म्हणालीस? चौदा? अगं, माझ्या नणंदेला साडेदहानं मिळालं."

पलीकडून मुलगी काहीतरी म्हणाली.

"आणि ती प्रोसेसिंग फी काढून टाक. नाही कशी काढता येत? साहेबांना विचार. मी थांबते की."

मुलगी साहेबांना विचारून आली. फी अर्धी झाली होती. ताईनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि व्याजाकडे मोर्चा वळवला. पंधरा मिनिटांत व्याज बारावर आलं, वर एक विमा फुकट पडला. मुलीच्या आवाजाला आता महिनाअखेरची घाई लागली होती. इतकी, की मला पलीकडे बसूनही ऐकू आलं.

"फायनल करू ना मॅम? अमाउंट किती टाकू?"

"अमाउंट कसली?" ताई म्हणाली. "कर्ज नकोय गं मला. भाव काढून ठेवतेय."